अक्कासाठी उघडी ठेवलेली डिस्क

झर्र... टिक्. ट्रे आत जायचा, मग आतल्या आत काहीतरी गुणगुणत फिरायला लागायचं, आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक आपोआप आवाज खाली घ्यायचं, जणू आत कुणी झोपलंय. लोकांची शूटिंगं डिस्कवर उतरवून द्यायचं माझं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे. मृत्युपत्राची सुरुवात अशी करतात का, ठाऊक नाही. वकील म्हणाले, "काका, आधी नाव, वय, मग मालमत्ता." पण माझी मालमत्ता त्या आवाजातूनच आली, तेव्हा पहिला मान त्याचा.

तर मी, गल्लीत ज्याला 'डिस्कवाले काका' म्हणतात तो, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. लेक स्वयंपाकघरातून "बाबा, झालं का?" विचारते आहे, ते दडपण धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे तसा कागद सापडलाच तर ती कविता समजावी.

एक. राहतं घर लेकीला. त्यातला गळका नळ मात्र जावयांना. "रविवारी बघतो" असं ते लग्न झाल्यापासून म्हणताहेत. आता मालक म्हणून बघतील.

दोन. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. ती कविता पाठ करत नाही म्हणून कुणी तिच्यावर राग धरू नये. तो मी धरून झालाय.

तीन. कपाटात लोकांनी न नेलेल्या डिस्क आहेत. बहुतेक लग्नांच्या. माणसं लग्न करून गेली ती डिस्क न्यायला फिरकलीच नाहीत. कुणी आलंच तर मुकाट्याने द्यावी, "सगळं बरं चाललंय ना?" असं विचारू नये. मी एका बाईंना विचारलं होतं. त्यांनी डिस्क मधोमध मोडली आणि माझ्याच टेबलावर ठेवून गेल्या.

चार. कोऱ्या डिस्कचा डबा शेजारच्या शिंपीदादांना. ते त्या गच्चीवर दोरीला टांगतात, कबुतरं घाबरतात म्हणे. मी पाहिलंय, कबुतरं त्यात बघून मान साफ करतात. पण दादांना सांगू नये.

लग्नांचं शूटिंग माझ्याकडे आणणाऱ्या फोटोग्राफरला काहीही देऊ नये. "शूटिंग माझं, एडिटिंग माझं, तुम्ही नुसतं बटण दाबता," असं तो भर दुकानात म्हणाला होता. त्यानंतर प्रत्येक डिस्कवर त्याचं नाव मी मार्करने असं बारीक लिहिलं की त्याच्या आईलाही वाचता येऊ नये. ते मार्करही त्याला नकोत.

पाच. आता खरं कलम.

खिडकीजवळ एक रेकॉर्डर आहे. तो कॉम्प्युटरशिवाय, माइकवरून थेट डिस्कवर लिहितो. त्यात एकच डिस्क आहे. दुकान बंद केल्यावर मी शाळेतल्या कविता, गुरुजींनी शिकवलेल्या चालीत, एकेक करून तिच्यावर म्हटल्या. एका कवितेच्या ऐन मध्यात माझी बायको आत आली आणि म्हणाली, "सुटली का तुमची शाळा? चहा पार गार झाला." मी ते पुसलं नाही. ती गेल्यावर लक्षात आलं, घरात तिचा आवाज तेवढाच उरलाय. जन्मभर लोकांची लग्नं डिस्कवर उतरवली, घरचं काही उतरवायचं राहूनच गेलं.

अशी डिस्क शेवटी बंद करावी लागते. बंद केली की ती कुठेही वाजते, पण मग तिच्यावर नवीन काही लिहिता येत नाही. उघडी ठेवली तर जागा राहते, पण वाजते ती फक्त ह्याच रेकॉर्डरवर. आणि रेकॉर्डर आता माझ्यासारखाच झालाय. कधी उठतो, कधी नाही. तो गेला की डिस्क मुकी. जावयांनी समोर मोबाइल धरून आवाज उतरवून बघितला. पंखा छान आलाय.

लेक म्हणते, "बाबा, बंद करून टाका ना ती. आईचा आवाज आहे त्यात."

"एक कविता राहिलीय अजून, अक्काबरोबरची."

"आत्या नाही म्हणणार. तिला ओळखत नाही का तुम्ही?"

"म्हणेल."

"तुम्हा दोघांच्या हट्टापायी आईला कशाला टांगून ठेवलंय?"



हट्ट असा. अक्का माझी थोरली बहीण. आमच्या शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत बसायचे, त्यामुळे होडीची कविता आम्ही एकदमच शिकलो. एक कडवं तिचं, एक माझं. शेवटचा शब्द 'पैलतीरी'. मी म्हणतो, तिथे आवाज खाली उतरतो. काठाला लागलेला माणूस दमलेला असतो. अक्का म्हणते, वर चढतो. "अरे गाढवा, पोचल्यावर कुणी आनंदाने ओरडणार नाही का?"

हीच कविता डिस्कवर घ्यायला ती एकदा माइकसमोर बसली होती, आणि मी नको ते बोललो: "अक्का, तेवढं खाली घे."

तिने माइक खाली ठेवला. "गुरुजींनी वरच शिकवलंय. तू तेव्हा शेंबूड पुसत होतास." आणि पायात चपला घातल्या. तेव्हापासून मी फोन केला की "चाल सुधारलीस का?" एवढं विचारते आणि ठेवून देते. गुरुजी तर आमच्या लहानपणीच बदली होऊन गेले. निवाडा करणार कोण?

म्हणून रेकॉर्डर, माइक आणि ती उघडी डिस्क मी अक्काला देतो. तिने आपली कडवी म्हणावीत, आवाज वर चढवावा, हवं तर ढगाला लावावा. मी हरकत घ्यायला नसेन. मग लेकीने डिस्क बंद करावी. "हे आत्ताच फोन करून सांगा की," असं लेक म्हणते. मेल्यावर हरणं मला जमेल. जिवंतपणी जरा जड जातं.

(वरचं लिहून जेवायला उठलो होतो. परत येऊन रेकॉर्डर लावला तर ट्रे उघडेना. लेकीने बारीक भोकात टाचणी घालून डिस्क काढली, पुसली, परत आत ठेवली. बऱ्याच वेळाने ती वाजली. चहा गार झाल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं. टाचणी लेकीने रेकॉर्डरवरच ठेवली, पुन्हा लागेल तेव्हा हाताशी.  म्हणून पाचवं कलम रद्द समजावं. आज सह्या झाल्या की मी स्वतः डिस्क बंद करणार. अक्काला माझा नमस्कार, आणि रिकामा माइक.)

स्थळ: माझं घर, पुढची खोली.
दिवस: रविवार, उन्हं उतरताना.
सही: डिस्कवाले काका.
साक्षीदार पहिला: शिंपीदादा, माझा चष्मा लावून.
साक्षीदार दुसरा: वकिलांचा कारकून येतो म्हणालाय. दार वाजलं, तोच असेल.

तो नाही. लेक दारातून ओरडते आहे, "आत्या! अगं, कळवायचं तरी! आणि हे कोण?"

"सांगते. आधी ह्यांना हात दे, पायरी उंच आहे तुमची. किती गावं पालथी घातली म्हणून सांगू!" हा अक्काचाच आवाज. तिच्या हाताला धरून काठी टेकत एक वाकलेले गृहस्थ आत आलेत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"गुरुजी, हाच तो," अक्का म्हणते आहे. "खाली उतरवणारा."

लेकीने न सांगता माइक टेबलावर आणून ठेवलाय. मी उभा राहिलोय. ह्यापुढचं उभ्यानेच लिहितो आहे, अक्षराला कुणी हसू नये.