कुणालाही न हटवता आलेली दाढ

कोल्हापूर, ५ ऑक्टोबर १९८०

प्रिय नजीरा,

तुझे हुपरीहून आलेले पत्र मिळाले. शुद्धलेखन सुधारले आहे. हकिकत मात्र चुकली आहे. शमशादची जी दाढ किडली, ती ‘दोन वर्षांची असताना आलेली, दुधाची’ असे तू लिहितेस आणि येत्या बाजारच्या दिवशी ती काढून टाकायचे ठरले आहे, असेही कळवतेस. ती दाढ दुधाची नाही. ती गेल्या वर्षी, इथे आमच्या घरी आली.

आठवून पाहा. धाकट्याच्या बाळंतपणासाठी तू माहेरी होतीस. स्वतःच्याच दुखण्यात होतीस, म्हणून तुझ्या ध्यानात राहिले नसावे. शमशाद भाकरीचा घास एकाच गालात धरून बसे. तुझ्या आईने तिला दारात उजेडाला नेले, तोंड उघडायला लावले आणि मला हाक मारली, “अवो, बघा की! पोरीचा दात पडला न्हाय आन् नवा आलाय!” इथेच घरोघर फसगत होते. पुढचा दात पडतो, त्याच्या जागी दुसरा येतो. तो कायमचा, हे कुणालाही कळते. ही दाढ मात्र कुणालाही न हटवता सर्वांच्या मागे गुपचूप येऊन उभी राहते. म्हणून तिला दुधाची समजतात आणि दुखू लागली की काढून टाकतात. तिच्या जागी मग दुसरी येत नाही.

केवळ माझ्या शब्दावर विसंबू नकोस. शमशादला अंगणात बसव आणि जबड्याच्या मधोमधपासून एका बाजूने मागे मोजत जा. पडलेल्या दाताची जागाही मोजण्यात धर. दुधाचे दात पाचव्यापाशी संपतात. सहावी दुधाची असूच शकत नाही.

तुझ्या सासूबाईंचे, इमामबींचे बोलणे तू जसेच्या तसे उतरवले आहेस: “दुधाचीच हाय की गं, पडायचीच हाय. लेकरू रडतंय आन् तू डाक्टर हुडकत बसतीस व्हय?” त्यांचा राग खोटा नाही, नातीचे रडणे त्यांना ऐकवत नाही. शमशादने कळ सोसावी, असे मीही म्हणत नाही. इथल्या दंतवैद्यांना मी भेटून आलो. कीड खोल गेली नसेल, तर ती कोरून आत चांदी भरता येते, असे ते म्हणाले. ख्वाजाला सांग, पैंजण घडवणाऱ्याच्या लेकीच्या पायांत चांदी आहेच, आता दातातही येईल! आणि धाकट्याला दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नकोस; त्याचे दात आत्ताच ओल्या फडक्याने पुसत जा.

हे इतके सविस्तर का लिहिले, ते सांगतो. तुझ्या पत्रात ‘ठरले आहे’ असे आहे. कुणी ठरवले ते नाही. घरात तुझा आवाज फुटत नाही, हे मला तेवढ्यावरून समजले. तेव्हा हे पत्र सर्वांसमोर मोठ्याने वाच. ‘अब्बा हट्टी आहेत, ऐकत नाहीत’ म्हण आणि सारा दोष माझ्यावर ढकल. इमामबींनाही सोबत आण. गेल्या ईदला त्या एकाच बाजूने चावत होत्या. त्यांच्यासाठीही वेळ मागून ठेवली आहे. वाचताना कुणी अडवले, तर खालच्या तारखा पुढे कर:

पहिला दात: सप्टेंबर १९७३. तू लिहिलेला डिसेंबर नव्हे.
दुधाची शेवटची दाढ: १९७५चा उन्हाळा.
किडलेली दाढ: मे १९७९. १९७५ नव्हे.
पुढचा दात पडला: जुलै १९७९. ईदला नव्हे, ईदला नवा दिसू लागला होता.
दवाखाना: बुधवार, ८ ऑक्टोबर, सकाळी. बाजाराच्या आधी.
तिच्याही मागची दाढ: १९८५च्या सुमारास. ती नक्की तारीख शमशादनेच मला स्वतःच्या अक्षरात कळवावी.

तुझाच, आणि या वेळी मुद्दाम हट्टी,
अब्बा