नावाखालची ओळ

४ मार्च, मंगळवार

बिल्ल्यांची यादी छापखान्यात जायची आहे. नेब्रास्कातल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांना पैशांची मदत मिळवून देणाऱ्या आम्हा कचेरीवाल्यांची संघटना, तिच्या एप्रिलच्या संमेलनाला एकशे बारा जण. वर नाव, खाली कॉलेज — मग डेलोरा प्रुइटच्या नावाखाली काय छापायचं? तिचं कॉलेज डिसेंबरात बंद पडलं. आणि संमेलनात मी अध्यक्षपद सोडून त्याची हातोडी तिच्याच हातात द्यायची आहे!

आमचा खजिनदार गार्थ म्हणाला, ओळ कोरी सोड, कुणाचं लक्ष जातंय. सगळ्यांचं जाईल. विद्यार्थ्यांचे मदतीचे अर्ज तपासण्यात ज्यांची हयात गेली, ती माणसं आधी कोरी ओळच बघतात.

६ मार्च, गुरुवार

नियम सातवा: संमेलनाच्या दिवशी जो नेब्रास्कातल्या कुठल्याही कॉलेजच्या मदत-कचेरीत नोकरीला नाही, तो संघटनेचा सभासद नाही, पदाधिकारी तर नाहीच.

नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिला. कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा माणूस जेवणावळी घालून अध्यक्ष व्हायला निघाला होता. त्याला अडवायला शब्द घट्ट बसवले. अजून घट्टच आहेत.

डेलोरा बावीस वर्षं इथे राबली. नावनोंदणीच्या टेबलावर, नव्या लोकांना शिकवण्यात, कोलाचे नावाच्या गोड पावांची खोकी वाहण्यात. केलेल्या प्रत्येक कामाची एक अशा बिल्ल्याखाली चिकटवायच्या रंगीत फितींची माळ तिचीच सगळ्यांत लांब — पार कमरेपर्यंत.

१० मार्च, सोमवार

सातव्या नियमातून सूट मागणारा डेलोराचा अर्ज आला. संघटनेत अशा अर्जाची सोयच नाही, म्हणून तिनं विद्यार्थ्यांचा फॉर्म भरलाय — ‘विशेष परिस्थिती’चा. बापाची नोकरी गेली की पोरं तो भरतात, आणि नियम जरा बाजूला सारून त्या घराकडे बघायचा अधिकार आम्हाला असतो. कारण: नोकरी गेली. पुरावा: कॉलेज बंद झाल्याची नोटीस. अर्जदाराशी नातं: मीच ती.

हसू आलं. मग नाही आलं.

दुसऱ्या पानावर तारीख नव्हती. ‘अपूर्ण’ असा शिक्का मारून परत पाठवला. एकतीस वर्षांची सवय! पाकीट पेटीत पडल्यावर कळलं, आपण काय केलं ते. लाज वाटली.

१३ मार्च, गुरुवार

अर्ज परत आला. तारीख घातलेली. सोबत चिठ्ठी नाही.

१७ मार्च, सोमवार

कार्यकारिणीची बैठक. तीन म्हणाले सूट द्या, तीन म्हणाले नको. सातवं मत माझं.

“रोज अनोळखी पोरांसाठी नियम वाकवतेस,” गार्थ म्हणाला. “हिच्याच वेळी हात का आखडतेस?”

कारण हे दार डेलोरासाठी उघडलं, तर त्याच दारातून कंपन्यांची माणसं आत येणार. दोघांनी चौकशी केलीसुद्धा. मी विरोधात मत दिलं. नंतर सगळ्यांनी रुन्झा, म्हणजे खिमा-कोबी भरलेले पाव, खाल्ले. माझा तसाच राहिला.

संध्याकाळी तिला फोन मीच केला. दुसऱ्या कुणी सांगणं बरं नव्हतं.

“अगं, तुझ्या जागी मी असते तरी हेच केलं असतं,” ती म्हणाली. “म्हणून तर राग येतोय.”

मग पोरांचं बोलत बसली. तिच्या कॉलेजातली साठेक पोरं दुसरीकडे गेलीत, त्यांची मदत तिकडे अजून सुरू झालेली नाही. कागद हिच्याकडे. पगार बंद होऊन दोन महिने झाले, तरी रोज त्या बंद इमारतीत जाऊन बसते. कुणी सांगितलंय म्हणून विचारलं. कुणीच नाही म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

सातवा नियम पुन्हा वाचला. ‘नोकरीला’ एवढंच लिहिलंय. किती दिवसांपासून, ते नाही. ‘कुठल्याही कॉलेजच्या’ हेही माझेच शब्द.

२१ मार्च, शुक्रवार

आमच्या डीनना भेटले. दहा मिनिटं. नवीन जागा मंजूर होणं शक्य नाही, म्हणाले. मी म्हटलं, नवीन नकोच आहे, माझी आहे ना. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? कॉफी बरी होती.

२५ मार्च, मंगळवार

डेलोराचा फोन. “आर्लिस, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी नाही येणार.”

“नोकरीचा फॉर्म पाठवलाय,” मी म्हटलं. “भरून दे. आणि दुसऱ्या पानावर तारीख घाल.”

 

२८ मार्च, शुक्रवार

फॉर्म आला. तारीख आहे.

१ एप्रिल, मंगळवार

छापखान्यातून फोन. डेलोरा प्रुइटच्या नावाखाली आमच्या कॉलेजचं नाव सांगितलं. आणि आर्लिस ट्वेटन? त्यानं विचारलं.

कोरी सोडा, म्हटलं.