नळावरची रांग, दोन्ही बाजूंनी

४ जाने. ७७
अन्नानं जेवताना विषय काढलाच. गड्ड्याची जत्रा संपली की माग काढायचा, मागाखालचा पाय सोडायचा खड्डा बुजवायचा, वर फरशी, फरशीवर पॉवरलूम. शेडमध्ये नायनांचे, आमच्या वडिलांचे, चार हातमाग होते. नायना वारले, माझा भाऊ अन्ना कारभारी झाला, तीन गेले. चौथ्यावर मी बसते म्हणून तो अजून आहे.
म्हटलं, दिल्लीचा निकाल तरी लागू दे.
"कसली दिल्ली?"
परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. दिल्लीला न्यास आहे, अख्ख्या देशाचा. हातानं काही नवं, आजचं करणाऱ्या लोकांच्या पाठीशी उभा राहतो. पुण्यात प्रदर्शन, तिथंच निवड. निवडलं तर दोन वर्षं सूत त्यांचं आणि विक्रीही तेच बघणार.
"निवडली गेलीस तर दोन वर्षं मागाला हात लावत नाही. नाहीतर गप बसायचं."
वदिनेसमोर बोललाय, स्वतःच्या बायकोसमोर. बरं झालं, साक्षीदार आहे.
गप बसायचं म्हणे! सासरहून माझ्या पायानं निघून आले तेव्हाही हेच म्हणाला होता. बसले का?

९ जाने.
पुण्याची चादर निम्मी झाली. गल्लीतला म्युनिसिपालटीचा नळ आणि बायकांची रांग. वदिना सुताच्या कांड्या भरता भरता वाकून बघत होती.
"ही कमरेवर घागर घेतलेली मीच की!"
म्हटलं, हो.
"पोट लई मोठं काढलंयस."
आहे तेवढंच काढलंय म्हटलं. दिवसभर अबोला. कांड्या मात्र वेळेवर.

१४ जाने.
सगळे नंदीध्वज बघायला. घरी मी आणि माग. जत्रेच्या दिवशी मागावर बसणारी बाई कसली, हे उद्या शेजारणी सांगतीलच. सांगू देत.

२१ जाने.
उतरवली! बाजल्यावर पसरून गल्लीत ठेवली. नळावरच्या सगळ्या जमल्या, आपापली शोधायला. हनीफाबीनं डोळे भरून बघितलं आणि कुणी न सांगता चादर उलटली. आपल्याकडे कुणीही उलटतं तशी. घरी नाही का, धुवेपर्यंत ही बाजू वर, धुतली की ती.
इकडून पांढऱ्यावर काळ्या बायका, भर दुपारची रांग. तिकडून काळ्यावर पांढऱ्या, पहाटेची. नळ डावीकडून उजवीकडे गेला तरी पुढं हनीफाबीच.
"अगे, इधर से बी पहली मैंच!"
एवढी हसली की पदर सुटला तिचा. असला आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

२ फेब्रु., पुणे
हॉलमध्ये शिरले आणि थांबलेच. माझी चादर प्लायवूडच्या बोर्डावर, चारी कडांनी लोखंडी चुका ठोकलेल्या. दुपार समोर. पहाट लाकडाला चिकटलेली, कुणाला दिसायची नाही.
दोन्ही बाजू बघा असं फॉर्मवर लिहायचं मला सुचलंच नाही. चादरीला दोन बाजू असतात हे सोलापूरच्या माणसानं काय लिहून द्यायचं?
न्यासातर्फे दिल्लीहून एक बाई आल्यात, सगळं त्यांच्या हातात. रेशमी साडी, बोलणं गोड.
"बहुत सुंदर है. लेकिन पीछे की साइड कौन देखता है?"
"हमारे में पीछे की साइड होतीच नहीं."
हसल्या. माझ्या हिंदीला हसल्या की काय कोण जाणे. म्हणाल्या रूल आहे, भिंतीचं काम भिंतीवरच.
भिंतीचं कुणी सांगितलं यांना? जेवले नाही.

३ फेब्रु.
हॉल उघडल्या उघडल्या गेले. शेजारी लाकडी खेळणी करणारा एक जण होता, त्याच्याकडून पक्कड घेतली. एकेक चूक उपटली. दोन ठिकाणी सूत तुटलं, रडू आलं, तरी उपटत राहिले. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी ओढली आणि चादर घातली सरळ वाळत.
मग गंमत. येणाऱ्याला चादरीखालून वाकूनच जावं लागे. पलीकडे गेला की मागं वळून बघे, आणि थांबे. एक म्हातारे परीक्षक पलीकडे गेले, अलीकडे आले, परत गेले.
बाई आल्या. आता गोड नव्हत्या.
"शाम तक बोर्ड पर लगा दीजिए, वरना नाम काटना पड़ेगा."
"काटो."
बोलून गेले. माग डोळ्यांपुढं आला, खड्ड्यात माती टाकणारी माणसं आली. बाकावर बसून राहिले.
पण लावली नाही.

५ फेब्रु., घरी
अन्ना दारातच. "काय झालं?"
"कळवतो म्हणाले."
"हो म्हणाले का?"
"नाही म्हणाले नाहीत."
तो ओळखतो मला. "काय केलंस तिथं?"
सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. "चार चुका मारल्या तर जीव जात होता काय तुझा?"
"जात होता."
परवा पॉवरलूमचा फिटर येणार. जागा मोजून खड्डा बुजवायला घेणार.

६ फेब्रु.
सकाळी दात घासताना डोक्यात आलं. नायना वारले तेव्हा त्यांचा ताणा, मागावरचे उभे धागे, अर्धाच विणून झाला होता. लोक म्हणाले, कापून टाक. अन्नानं नाही कापला. दिवस झाल्यावर स्वतः मागावर बसला, डोळे पुसत पुसत बापाचा ताणा संपवला. आमच्यात मागावर चढलेला ताणा कापत नाहीत. तीन माग विकले त्यानं, पण प्रत्येक वेळी आधी ताणा संपू दिला.
पुढच्या कामासाठी घालून ठेवलेला ताणा होता, चांगला लांबलचक. काढला.
मागावर उरलेल्या जुन्या धाग्याला नवा धागा पिळून जोडायचा, असे सगळे. एकटीनं उद्यापर्यंत होणं शक्यच नव्हतं. अन्ना सुताच्या बाजारात गेला आणि वदिना येऊन समोर बसली. पिळताना धागा निसटू नये म्हणून बोटांना राख लावली. मी बघतच राहिले.
"बघतीस काय? हात चालव. नळावर मी कदी मागं सरकले हाय व्हय?"
थोड्या वेळानं मी विचारलं, "पोटाचा राग गेला का?"
"पोटाचं नंतर बघू."
दिवे लागायच्या आत ताणा चढला. वदिनेच्या बोटांची सालं निघालीत. माझ्या भावाला असली बायको कशी मिळाली, देव जाणे.

७ फेब्रु.
फिटर आला, टेप घेऊन. अन्ना त्याच्या पुढं. दारातच थबकला. मी खड्ड्यात पाय सोडून विणत होते. वदिना मान खाली घालून कांड्या भरत होती, जशी काही घरात नाहीच.
"हा कधी चढवलास?"
"काल."
"किती लांब आहे?"
"संपला की कळेल."
"सुलू, मी कापीन हां."
"काप की. मी कुठं धरलाय तुझा हात?"
फिटर चहा पिऊन गेला, उद्या येतो म्हणाला. अन्ना तसाच उभा. मग ताण्यावरून हात फिरवत गेला, एक धागा ढिला होता तो ओढून नीट केला. आणि बाहेर गेला.

१२ फेब्रु.
दिल्लीहून काही नाही, नाव काटलं की ठेवलं तेही नाही. माझी चादर पुण्यातच. दोरीवर आहे, परत बोर्डावर ठोकलीय की गुंडाळून कोपऱ्यात टाकलीय, कळायला मार्ग नाही.
फिटर रोज डोकावतो. अन्ना रोज येऊन ताणा किती उरला बघतो. वदिनेला म्हणाला, "मुद्दाम हळू विणती ती." साफ खोटं. नेहमीच्याच हातानं विणतेय. फसवून माग ठेवायचा नाही मला.
ताणा संपेल कधीतरी. तोवर निकाल येईल, नाही तर नाही येणार. आलाच आणि नाही म्हणाले, तर दुसरा ताणा घालायला घेतलाय.
कातर नेहमी बसायच्या फळीखाली असते. आज काढून खिडकीत ठेवलीय, अन्नाला दारातून दिसेल अशी.