जिन्यावरची हाक

४ जून

ती. दादास, सा. न.

डाव्या हाताने लिहितेय, तेव्हा अक्षराला कोंबडीचे पाय म्हणून हसायचं ते आत्ताच हसून घे. उजव्या मनगटात धातूची पट्टी बसवलीय आणि अंगठा अजून बोटाला टेकत नाही. कात्रीच धरता येत नाही, तर माझं पार्लर चालायचं कसं? गिऱ्हाइकं येतात, खुर्चीत बसून हळहळतात आणि शेजारच्या गल्लीत जाऊन केस कापून घेतात.

तुझ्या बेकरीच्या तळघराच्या जिन्यावरून पडले त्या दिवशी तूच मला उचलून गाडीत घातलंस, दवाखान्यात लहान पोरासारखा रडलास. त्यानंतर जे तोंड लपवलंस ते आजतागायत. काल वहिनी आली बिस्किटांचा डबा घेऊन. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली, चहाला शिवलीसुद्धा नाही. मी जिन्याचं नाव काढलं की ती माझ्या पडद्यांचा रंग छान आहे म्हणायची. निघताना मात्र अगदी सहज सांगून गेली, की दादाने वरून जपून जा अशी हाक दिली होती, तूच धावत सुटलीस.

दादा, मला हाक आठवत नाही. डोकं आपटलं होतं, म्हणून मी स्वतःवरच संशय घेतेय. रोज डोळे मिटून तो जिना उतरते. कठड्याला हात लावते आणि कठडा माझ्याबरोबर खाली येतो. हाक काही येत नाही. तू दिली होतीस का, तेवढं कळव.

लोभ आहे तसा राहू दे,
तुझी ठकी

११ जून

चि. ठकी हिस, अ. आ.

आपले पत्र मिळाले. जिन्यावरील घटनेबाबत मी कोणतेही मत व्यक्त करू इच्छित नाही. आपणांस सावधगिरीची सूचना देण्यात आली होती, असे माझे स्मरण आहे. आपल्या प्रकृतीस लवकर आराम पडावा, ही सदिच्छा.

कळावे,
आपला बंधू

१५ जून

ती. दादास, सा. न.

आपणांस? मला? माझ्या वेण्या खुर्चीला बांधून पळून जाणारा माणूस मला आपण म्हणायला लागला! हे पत्र तुझं नाही. कुणीतरी शेजारी बसून सांगितलंय आणि तू मुकाट्याने उतरवून घेतलंयस.

पाणी कुठेतरी मुरतंय हे मला आता पक्कं कळलंय. परवा हे मुद्दाम तुझ्याकडे पाव आणायला आले होते. कठड्याचे स्क्रू नवे कोरे चकाकतायत म्हणे, आणि जिन्याच्या तोंडाशी जपून उतरा अशी पाटी लागलीय. गिऱ्हाईक काही तळघरात उतरत नाही. मग पाटी कुणासाठी, पुराव्याच्या फोटोसाठी? वहिनीने यांना पाहिलं आणि झटकन आत गेली. यांनी तिथूनच वकील गाठला, नोटीस धाडली. मी अडवलं नाही. राग आला असेल तर येऊ दे.

डॉक्टर म्हणतात, अंगठा आता आहे एवढाच वळेल. डाव्या हाताने भांडी विसळता विसळता मी रडले. पण ते दुःख एकीकडे. तू हाक दिली असशील तर मी वेडी, नसशील तर तू खोटा. यातलं काय ते मला कळलंच पाहिजे. असं मधल्यामध्ये लोंबकळत ठेवू नकोस रे.

लोभ असेल तर उत्तर दे, नसेल तर कोरं पाकीट पाठव,
ठकी

२२ जून

चि. ठके,

अनेक आशीर्वाद. हे भट्टीपाशी बसून लिहितोय, तुझ्या वहिनीला ठाऊक नाही. मागचं पत्र विमा कंपनीच्या वकिलाने सांगितलेलं. बेकरीत कुणाला इजा झाली तर भरपाई कंपनी देते, पण मी आपण होऊन चूक कबूल केली तर ती अंग काढून घेणार. बहिणीला भेटायचं नाही, माफी मागायची नाही, असं त्याने बजावलं आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

आता खरं ऐक. मैदा मळायचं नवं मशीन तळघरात न्यायला जिना अरुंद पडत होता, म्हणून सकाळी मीच कठडा उखडला. मशीन खाली गेलं, तोवर दुकानात गर्दी झाली, स्क्रू कुठे ठेवले ते सापडेनात. कठडा जागेवर नुसता टेकवला, म्हटलं दुपारी बसवू. मग तू आलीस. माझे हात पिठात, म्हणून मीच तुला खालून यीस्टचा डबा आणायला धाडलं. कठडा माझ्या ध्यानातसुद्धा नव्हता. हाक मी दिली नव्हती. विमेवाल्याने विचारलं, सावध केलं होतं ना, आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. वहिनीलाही मी तेच सांगितलं. ती बिचारी खरं धरून बसलीय.

बेकरीवर बँकेचं कर्ज आहे. कंपनी हटली तर दुकान विकूनच तुझी भरपाई होईल. होऊ दे. हे पत्र तुझ्या वकिलाला दे. तुझं डोकं ठिकाणावर आहे गं, माझंच फिरलं होतं. चुकलो.

लोभ मागायला तोंड नाही,
दादा

२७ जून

ती. दादास, सा. न.

पत्र वाचलं. मी वेडी नाही! केवढं ओझं उतरलं, ते तुला नाही कळायचं. मग असा संताप आला, की समोर असतास तर डाव्या हाताने का होईना, एक ठेवून दिली असती. वहिनीला मात्र मी यांच्यापाशी नाही नाही ते बोलले. तिला माझा नमस्कार सांग.

वकिलाला आडून विचारलं, समजा असं कबुलीचं पत्र कुणाकडे असलं तर? त्याचे डोळे लकाकले. म्हणाला, मग केस खिशात. घरी आल्यावर मी ते पत्र गॅसवर धरलं. यांना वास आला, काय जळलं म्हणून विचारत आले. मी सांगितलं, फडकं पेटलं. यांचा विश्वास बसलेला नाही, तेव्हापासून सारखे माझ्याकडे बघतायत. बघू देत.

माफ केलं असं समजू नकोस. दावा मी मागे घेत नाही, अंगठा माझा गेलाय. कोर्टात उभी राहून एवढंच सांगेन, की मला हाक ऐकू आली नाही. त्यानंतर तुला विचारतील. मी समोरच्याच बाकावर असेन. तेव्हा वकिलाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ, आणि मग हाक दिली होती की नाही ते सांग.

लोभाचं त्यानंतर बोलू,
ठकी