शेडमधल्या दोन इंजिनांची व्यवस्था

मी, तनुजा हिंमतराव घुले, वय ३१, अविवाहित, व्यवसाय विमान देखभाल अभियंता, राहणार कात्रज, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. शरीर धडधाकट आहे. मन स्थिर असल्याचे वाक्य लागतेच, असे माझ्या वकील उत्कर्षा पानसे यांनी सांगितले, म्हणून लिहिते: मन स्थिर आहे. पायांबद्दल कलम चारमध्ये लिहिले आहे.

कारण असे की, येत्या रविवारी मी एक जुने लढाऊ विमान दुसऱ्या इंजिनावर पहिल्यांदा उडवणार आहे. आसन एकच आहे.

१. कात्रजचा फ्लॅट आणि बँकेत असेल ते आईला, श्रीमती प्रेमला घुले यांना. गॅलरीतली कपड्यांची दोरी विमानाच्या केबलची आहे. ती तुटणार नाही, बदलू नये.

२. हत्यारांची पेटी माझी सहकारी नम्रता खैरनार हिला. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना, वापरून झाला की शून्यावर आणून ठेवावा, ही अट. तोंडी सांगून झाले आहे. "हो गं बाई, ठेवते," असे उत्तर येते आणि स्प्रिंग ताणलेलीच राहते.

३. विमान माझे चुलते भीमराव घुले, म्हणजे नाना, यांना. मांजरी गावची जमीन गेली आणि पैसे आले तेव्हा भावकीने मोठ्या गाड्या घेतल्या. नानांनी भंगाराच्या लिलावातून १९४५ सालचे हे ब्रिटिश विमान घेतले, उरलेल्या उसाच्या कडेला शेड बांधली आणि मला बोलावले. पुढे बक्षीसपत्राने ते माझ्या नावे केले. आता ते त्यांच्याकडे परत जावे.

इथे उत्कर्षा यांनी विचारले, "विमान म्हणजे नक्की काय धरायचं? शेडमध्ये इंजिनं दोन आहेत."

 मूळ इंजिनावर मी हे विमान तीन हिवाळे उडवले. चौथ्यात त्याची एक स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत सरकणारी नळी, फुटली. तशी दुसरी कुठेच मिळेना. शेवटी एका जुन्या मालवाहू विमानाचे अमेरिकन इंजिन आणून बसवले. त्यासाठी नाकाचा सांगाडा नवा केला. पत्रा त्याआधीच बदललेला होता, वायरिंग मी केलेले. मग १९४५ सालचे काय उरले? नाना म्हणाले, "आपल्या ट्रॅक्टरला तरी कुठं जलमाचं इंजिन हाय? नांगरतोय न्हवं?" हे मला पटते. थोड्या वेळाने पटत नाही.

जुन्या विमानांचे संग्राहक रविराज शितोळे यांनी भर व्याख्यानात, मी समोर बसलेली असताना, या विमानाला 'नकली' म्हटले. त्यांना ती फुटलेली स्लीव्ह द्यावी. ती शंभर टक्के अस्सल आहे.

४. मूळ इंजिनाचा पंखा उलट्या दिशेने फिरायचा. धावताना विमान उजवीकडे ओढ घ्यायचे आणि मी सुकाणूच्या पेडलवर डावा पाय दाबून ते सरळ ठेवायचे. नव्या इंजिनाचा पंखा सुलट फिरतो. ओढ डावीकडे, पाय उजवा. हे मी स्वतः आकृती काढून समजावू शकते. तरी धावपट्टीवरच्या चाचण्यांत, वेग वाढला की डावाच पाय पुढे जातो. दोनदा विमान गवतात गेले. म्हणजे जुन्या इंजिनाचा चालू स्थितीतला एकमेव भाग माझा डावा पाय आहे. तो कोणाच्या नावे करावा, हे कळत नाही.

अपघात झालाच तर चौकशी करणाऱ्यांनी आधी इंजिन उघडू नये. इंजिन बरोबर आहे. माझा कोणता पाय पुढे होता, ते पाहावे.

५. एवढे लिहून झाल्यावर नाना आले. कागद वाचला नाही. म्हणाले, "सही कुठं करू?"

उत्कर्षा म्हणाल्या, "नाना, तुम्हाला विमान मिळतंय. ज्याला मिळतं त्याला मी साक्षीदार करत नाही. उद्या कोणी शंका घेतली तर?"

"मग काढा माझं नाव त्यातनं."

मी म्हटले, "नाना, विमान तुमचंच आहे."

"तू हाईस तवर हाय. तुझ्या मागं मला काय बी नगं." पेन त्यांनी आधीच उघडले होते.

सबब कलम तीनमधील विमान नानांना देण्याचा भाग रद्द. दुसरे नाव सुचत नाही. नम्रता रेंच शून्यावर ठेवत नाही. उत्कर्षा यांच्या म्हणण्याप्रमाणे, नाव लिहिले नाही तर कायद्याने विमान आईकडे जाईल. मी आईला फोन करून विचारले. आई म्हणाली, "खुशाल येऊ दे. दुसऱ्या दिवशी किलोच्या भावानं भंगारात घालीन. दोन्ही इंजिनांसकट." ती हे करेल.

म्हणून विमानापुढची नावाची जागा कोरी ठेवली आहे. ते मलाच परत आणावे लागेल. उजवा पाय.

हे मृत्युपत्र मी वाचून, त्यातील विसंगतीसह मान्य करून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: तनुजा हिं. घुले

साक्षीदार:
१. भीमराव घुले, मांजरी (काही घेणे नाही)
२. ॲड. उत्कर्षा पानसे, पुणे

स्थळ: विमानाची शेड, मांजरी, पुणे
दिनांक: १२ डिसेंबर २०२५