तोंडाला वास नाही

२८ जुलै, सोमवार
सकाळी शेजारच्या उज्वलाचा नवरा परत फाटकाशी. पोरं आमच्या व्हॅनमध्ये चढेपर्यंत ह्यांच्या अगदी तोंडापाशी उभा राहून पावसापाण्याच्या गप्पा. तो काय करतो ते वरठीच्या ह्या अख्ख्या लेआउटला ठाऊक आहे. आधीचा व्हॅनवाला पिऊन चालवायचा, तेव्हापासून पालकांनी ही वास घ्यायची पद्धत काढली. वास नाही, पास. मग गाडी भंडाऱ्याच्या शाळेकडे.
उज्वला म्हणते, "वहिनी, भाऊजी थेंबाले शिवत नाही म्हनूनच पिहूले तुमच्या गाडीत देतो आमी."
गोळ्यांना वास नसतो गं बाई. तोंडाशी आलं होतं. गिळलं.

३१ जुलै, गुरुवार
तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलून ह्यांची कंबर गेली होती. डॉक्टरांनी आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. मिल सुटली, कंबर बरी झाली, गोळ्या राहिल्या. आधी फक्त झोपताना. मग जेवणावर. आता चहाच्या आधी. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही. हे पायरी चढले की त्याचा हात आपोआप फळीकडे जातो.
नशा म्हटलं की चिडतात. "औषध हाय ते. डॉक्टरनं देल्लं."
गणपती मंडळाने मागे ह्यांचा निर्व्यसनी म्हणून सत्कार केला. शाल पेटीत आहे. बाहेर काढावीशी वाटत नाही.

३ ऑगस्ट, रविवार
अड्याळला धाकट्या भावाला फोन. बोलता बोलता रडलेच. घाबरला बिचारा. "बाई, भाटवे दारू पेऊन राहिले का?" नाही म्हटलं. "मारते का मंग?" तेही नाही.
"मंग काहून रडून राहिली? नशीब काढलं तुनं."
काढलं बाबा. फोन ठेवला. आम्हाला मूलबाळ नाही, आई गेली, भाऊ हा असा. मनातलं बोलावं असं माणूस म्हणजे हेच होते. त्यांच्याबद्दल त्यांच्याशीच कसं

६ ऑगस्ट, बुधवार
मी ह्यांच्यापुढे सौदा मांडला. "मी गुडाखू सोडतो, तुमी गोळ्या सोडा."
हसले. "गुडाखूले कोनी नशा म्हनते का?"
आमच्याकडे म्हणत नाहीत खरं. आईने लावलेली सवय. तंबाखूची ती काळी पेस्ट हिरड्यांवर घासल्याशिवाय बाईचा दिवस उजाडत नाही. डबी ह्यांच्या डोळ्यांदेखत परसात भिरकावली. बघू.

८ ऑगस्ट, शुक्रवार
डोकं ठणकतंय. दूधवाल्यावर खेकसले. त्याची चूक नव्हती. कुणाच्या तरी साडीला फॉल उलटा लावला, उसवत बसले. हिरड्या नुसत्या मागतात. दुसरं काही सुचत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार
दुपारी परसातल्या चिखलात उकिडवी बसून डबी शोधली. सापडली. पाणी शिरलं होतं, तरी घासली. आधी बरं वाटलं. लाज मागाहून आली.
घरात आले तर हे खुर्चीत मान टाकून झोपलेले. पहिल्यांदाच राग नाही आला. मला बोटभर गुडाखू सुटेना. त्यांच्या आत काय चाललं असेल. जवळ बसले. जागं केलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
दुकानात एक आई भेटली. म्हणे, "तुमच्या गाडीतले पोट्टे मस्त गानं म्हनत येते. बाकी गाड्यायत रडारड." ऐकून बरं वाटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर उठून आतल्या खोलीत गेले.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा
सकाळी नारबोद निघाली, ते मिरवत नेऊन जाळायचं बाहुलं. घराघरातून ओरडत सगळे फाटकाशी, घरात जे नको ते तिच्यासोबत गावाबाहेर धाडायला. "मच्छर घेऊन जा गे नारबोद! खोकला घेऊन जा गे नारबोद!" उज्वलाने तर दारू-सट्टाही धाडला. मग माझ्याकडे वळली. "वहिनी, तुमी बी बोला ना."
तोंड उघडलं. "ढेकूण घेऊन जा गे नारबोद!"
आमच्या घरात ढेकूण नाहीत.

संध्याकाळी पोरं लाकडी नंदी सजवून बोजारा मागायला दारात. हे झोपलेले. चिवडा दिला, हातावर नोटा ठेवल्या. पिहू आत डोकावली. "काकाजी घरी बी झोपते का?"
"घरी बी म्हंजे?"
"गाडीत झोपते ना. आमी गानं बंद केलं का झोपते. मंग आमी जोरानं म्हनतो."
मागून कुणीतरी, "त्या दिवशी सारेच थकलो, तं गाडी सीधी धानाच्या बांधीत!" सगळी खदाखदा हसली. काकाजींनी म्हणे चॉकलेट दिलं, घरी सांगू नका म्हणून.
त्यांच्यासोबत मीही हसले. कशी हसले देव जाणे. पोरं गेल्यावर दारातच बसले.

२४ ऑगस्ट, रविवार
विचारलं. नाही म्हणाले नाहीत. "उद्यापासून नाही खात."
हे 'उद्यापासून' मला माझ्याच तोंडचं ठाऊक आहे.
म्हटलं, "उद्या गाडी नोका काढू."
"पोरायचे बाप विचारतीन. काय सांगू?"
"खरं सांगा."
"गाव थुंकन माह्या तोंडावर." मग अगदी हळू, "तू सांगशील का?"
आपलेच दात, आपलेच ओठ. हा माणूस मला कधी उणा शब्द बोलला नाही. फार प्रेम आहे माझं ह्यांच्यावर. आणि उद्या ती पोरं ह्यांच्याच गाडीत.

२५ ऑगस्ट, सोमवार
उज्वलाचा नवरा आला. गप्पा. वास नाही, पास. पोरं चढली, पिहू खिडकीशी. ह्यांच्या पापण्या जड. चावी फिरवली.
मी पोळ्या टाकून धावले आणि गाडीपुढे उभी राहिले. हात कणकेचे. "यायच्या तोंडाले वास येनारच नाही! हे गोळ्या खाते. चालवता चालवता झोपते. पोरायले उतरवा!"
एवढा आवाज माझा आहे हे मलाच माहीत नव्हतं. गल्ली बाहेर आली.
ह्यांनी इंजिन बंद केलं. उतरून माझ्या शेजारून घरात गेले. बघितलं नाही. पोरं विचारत होती, आज सुट्टी का.

२७ ऑगस्ट, बुधवार
मंडळाचा गणपती बसला. बोलावणं नाही. नवा व्हॅनवाला ठरलाही. रात्री घेतो म्हणे, पण सकाळी वास येत नाही. धन्य आहे.
नळावर उज्वला. "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. आमाले हळूच सांगाचं होतं." हळूच सांगितलं असतं तर विश्वास कुणी ठेवला असता? घागर न भरताच ती निघाली. वळून एकदा माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले.
हे माझ्याशी बोलत नाहीत. गोळ्या संपल्या की लपवल्या, कळत नाही. दरदरून घाम, पाय नुसते झटकतात. मी दाबते. दाबू देतात.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
काल भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात एकटीच जाऊन आले. डॉक्टरीणबाई चांगल्या. एकदम बंद नको, हळूहळू उतरवू, वेळ लागेल, पण त्यांना घेऊन या. त्यांच्याशिवाय काही होणार नाही.
घरी येऊन सांगितलं. सोमवारनंतरचा पहिला शब्द बोलले. "गर्दी रायते का तिथं?"
"रायते."
"वळखीचे?"
"असतीन बी."
आज सकाळी स्वतःच इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावला आणि आंघोळीला गेले. मी पिशवी मांडीवर घेऊन हे लिहीत बसले आहे. भंडाऱ्याची एक बस गेली. पाणी अजून चालूच. दार वाजवलं.
"आलो," म्हणाले.
थोड्या वेळाने परत वाजवलं.
"आलो ना."
शर्ट खुंटीलाच आहे. दुसरी बस वळणावर दिसतेय इथून.