बाई अनवाणी, मग चप्पल कुणाची?

वस्ताद, आपल्या पिक्चरमधल्या त्या भुताला खरा खर्च किती आला, ते मी आज बसून आठवून बघितलं. प्रोड्युसर जन्मभर सांगत फिरला की भुतापायी माझी जमीन गेली. जमीन कशानं गेली ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं, त्यात भुताचा काही हात नव्हता. भुताला लागलं ते एवढंच : शिरोळहून आलेली उसाची एक मोळी, एक मोठा दुधी भोपळा, पाण्यात भिजवलेलं पोतं आणि तुमच्या थोरल्या भावाची करकरती चप्पल. कांडं गुडघ्यावर मोडलं की हाड मोडायचं. भोपळ्यात सुरी फिरवली की गळा चिरला जायचा. ओलं पोतं फरशीवर ओढलं की मढं ओढत नेल्यासारखं वाटायचं. काम झाल्यावर ऊस आपण दोघांनी सोलून खाल्ला आणि भोपळ्याची तुमच्या घरी चाचींनी भाजी केली. म्हणजे निम्मं भूत आपल्याच पोटात गेलं. उरली ती चप्पल. आज हे लिहायला बसलोय ते तिच्यापायीच.

तुमच्या माघारी त्या पिक्चरचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. तेव्हा तो तीन आठवड्यांत उतरला आणि पेपरवाल्यांनी त्याची टिंगल केली. पण पुढं कुणीतरी त्याची कॅसेट काढली, कॅसेटीवरून मोबाईलवर तुकडे आले, आणि आता कॉलेजची पोरं त्यातले संवाद तोंडपाठ म्हणतात. अंगावर विहिरीचं चित्र असलेले टी-शर्ट घालतात. मागच्या महिन्यात प्रोड्युसरची नात माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आली. हुशार पोरगी आहे, आजोबांसारखी बडबड नाही. पिक्चरची एकुलती एक धड प्रिंट आणि आजोबांच्या ट्रंकेतलं टेपचं एक रीळ घेऊन आली होती. मुंबईची एक कंपनी पिक्चर साफसूफ करून जगभर दाखवायला तयार आहे म्हणाली. अट एकच. भुताच्या पावलांचा आवाज चुकलाय, तो बदलायचा. भूत बाई आहे, तर पैंजण वाजले पाहिजेत. बदलायचं काम मीच करावं, असं तिचं म्हणणं. मग तिनं विचारलं, "काका, खरं सांगा. पिक्चर अजून टिकतो का? का आपण उगाच कवटाळून बसलोय?"

पिक्चरच्या पाट्यांमध्ये तुमचं नाव नाही, वस्ताद. फोटो नाही, मुलाखत नाही. बाकीची तुमची कामं कुठं विरली ते देवाला ठाऊक. तुमचं म्हणावं असं जगात जे काही शिल्लक आहे ते त्या विहिरीच्या सीनमध्ये आहे, आणि नेमकं तेच पुसायला माझ्याकडं आलंय.

डोळे मिटले की ती खोली दिसते. बोर्डिंगच्या मागची, पत्र्याची. भुताचा पिक्चर आपण भर दुपारी केला, कारण दुपारी दोन ते चार गाव झोपतं, रिक्षा थांबतात आणि शेजारचा लोहारसुद्धा घण खाली ठेवतो. पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माईकमध्ये येते. तुम्ही बनियनवर, तोंडात पान. मी चोवीस वर्षांचा, स्वतःचे दोन भोंगे असलेला, लग्नाकार्यात माईक लावून कमावणारा, म्हणजे माझ्या मते मोठा माणूस. प्रोड्युसरनं तोंडी सांगितलेलं एवढंच होतं : भूत जुन्या पाटलाचं, उसातनं येतं, विहिरीपाशी थांबतं. पडद्यावर काय आहे ते आपण बघितलेलंच नव्हतं. पाटील म्हणजे करकरती चप्पल, हे तुम्ही क्षणात ठरवलं. तळाच्या दोन कातड्यांमध्ये बी घालून शिवलेली ती चप्पल. तुमचा भाऊ बोळाच्या तोंडाशी आला की घरातला रेडिओ बारीक व्हायचा, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्याकडं वेगळं काय होतं? वडील दिसायच्या आधी त्यांची चप्पल ऐकू यायची, आणि आम्ही भावंडं पुस्तकं उघडायचो. कुठल्याही धड्याचं, हाताला येईल ते.

मी फरशीवर माती पसरून चाललो. तुम्ही मान हलवली. परत चाललो. तुम्ही पान थुंकून आलात आणि म्हणालात, "काय करतोयस रं?"

"चालतोय की वस्ताद."

"त्येच की. तू बाजाराला निघालायस. मला चालणारा नगं, येणारा पायजे."

"येणारा म्हंजे कसा?"

"तुझा बा घराकडं येताना घाई करायचा व्हय?"

मला राग आला. घामानं चप्पल पायात सरकत होती. मी म्हणालो, एवढं असंल तर तुम्हीच चाला. तुम्ही हसलात. त्यापुढचं मला असं आठवतं, की मी थोडं पाणी प्यालो, डोकं थंड केलं आणि तिसऱ्या वेळी ते जमवलं. टाच आधी, मग दमानं पंजा, मग ती कर्र आणि मध्ये एवढी लांब शांतता की ऐकणाऱ्यानं श्वास घ्यायचं विसरावं.

घोटाळा कळला तो मिक्सिंगला, आपण पहिल्यांदा पडदा बघितला तेव्हा. पाटलाचं काम करणारा पैलवान रस्सा दुसऱ्यांदा वाढला नाही म्हणून रुसून कागलला निघून गेला होता. त्याच्या जागी केसांचं काम करणाऱ्या बाईंना पांढरं लुगडं नेसवून उभं केलेलं, आणि विहिरीच्या चिखलात पायताण रुततं म्हणून त्या अनवाणी. हे आपल्याला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. प्रोड्युसर कपाळाला हात लावून बसला. "वस्ताद, ही बाई हाय. चप्पल गड्याची वाजतीया." परत रेकॉर्ड करायला ना वेळ होता ना रीळ. तुम्ही म्हणालात, परत एकदा लावा. बघितलं. मग अगदी सहज, जेवायचं ठरवावं तसं म्हणालात, "बाई अनवाणी हाय न्हवं? मग चप्पल कुणाची, त्ये बगणारा इचारंल की. इचारू द्या. आपुन सांगायचंच न्हाई."

आणि पहिल्या दिवशी थेटरात काय झालं ते तुम्ही बघितलंय. शिट्ट्या चालल्या होत्या, बाईंच्या केसांच्या टोपावर शेरे चालले होते. चप्पल वाजली आणि सगळं थेटर गप्प. पुढच्या रांगेतल्या एकानं मान वळवून मागं बघितलं, तशी त्याच्या शेजारचा म्हणाला, "पावणं, मागं कोण न्हाय, फुडं बगा." पण म्हणता म्हणता तोही वळला. तुम्ही माझ्या मांडीवर थाप मारली. पिक्चर उतरला त्या दिवशी ती चप्पल तुम्ही माझ्या हातात दिलीत. "ठेव, तुझ्या कामाला यील." ती माझ्या स्टुडिओत काचेच्या कपाटात आहे. कुणी आलं की मी दाखवतो आणि सांगतो, अख्ख्या जिल्ह्याला घाम फोडणारे पाय हेच. मुलाखतीत सांगितलंय, सत्कारात सांगितलंय, नातवाच्या शाळेत सांगितलंय. तुम्ही शिकवलंत हे सांगायला कधी विसरलो नाही, पण पाय माझे, हे आधी.

तर प्रोड्युसरच्या नातीच्या प्रश्नाचं उत्तर. मी तिला म्हणालो, माझं मत कशाला, माणसं बसवून बघू. स्टुडिओच्या हॉलमध्ये खुर्च्या टाकल्या, पंचवीस-तीस पोरं आली, बरीचशी टी-शर्टवाली. मी पडद्याकडं पाठ करून बसलो, पोरांकडं तोंड करून. मला पिक्चर बघायचा नव्हता, ऐकायचा होता. तुमच्यापाशी खोटं बोलून काय मिळवू? पुष्कळ काही टिकलेलं नाही. वटवाघळाची दोरी दिसते. नायकाच्या कल्ल्यांना जास्त हशा मिळतो आणि इनोदी हवालदाराला मिळत नाही. गाणं लागलं तसे सगळ्यांचे मोबाईल उजळले. तुमच्या उसाच्या हाडांनासुद्धा एक पोरगी हसली. मी मनात म्हणालो, संपलं, वस्ताद. पैंजण घाला नाहीतर ढोल घाला, काय फरक पडतो?

मग विहीर आली. बाई आली, पोरं हसली, आणि पहिली कर्र वाजली. हसू मधेच तुटलं. या पोरांच्या पायात रबरी बूट, त्यांच्या बापांच्याही पायात रबरी बूट. करकरती चप्पल घरात येताना यांनी जन्मात ऐकलेली नाही. तरी हॉलमधल्या खुर्च्या हलायच्या थांबल्या. माझे कान अजून चांगले आहेत. किती जणांनी श्वास धरलाय ते मला ऐकू येतं. दुसरी कर्र. जयसिंगपूरचा एक दांडगा पोरगा शेजाऱ्याला दबक्या आवाजात म्हणाला, "ती न्हाय रं चालत. तिच्या मागनं कोणतर येतंय." चालणारा नगं, येणारा पायजे, असं तुम्ही बोललात तेच, शब्द थोडे इकडंतिकडं. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दिवे लागल्यावर मी नातीला म्हणालो, "अर्धा पिक्चर गेला, बाळ. पण विहीर उभी हाय. ती हाय तवर पिक्चर हाय." तिथूनच मुंबईला फोन लावला. तिकडचा साहेब गोड बोलणारा. "सर, नुसतं करेक्शन आहे, पब्लिकला लॉजिक लागतं." मी म्हणालो, "साहेब, खरखर काढून देतो, घरघर काढून देतो, संवाद धुऊन देतो. चपलेला हात लागणार नाही." तो म्हणाला, मग विचार करावा लागेल. म्हटलं, करा की सावकाश. नात माझ्याकडं बघत होती, तिचंही काही कमी पणाला लागलेलं नाही. फोन ठेवल्यावर तिला सांगितलं, मुंबई नाही म्हणाली तर माझे स्पीकर आहेत, माझी गाडी आहे, पडदा शिवून घेऊ. कागलपासून सुरुवात करू, त्या पैलवानाच्या गावापासून. गावोगाव दाखवू. ती हसली आणि म्हणाली, "काका, रस्सा मात्र दुसऱ्यांदा वाढायचा." ठरलं ते ठरलं. यात आता बदल नाही.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही. तुम्ही हयात असतानाही माझं अक्षर तुम्हाला लागत नव्हतं. "तूच वाच, मी ऐकतो" म्हणायचा. म्हणून लिहितालिहिता मोठ्यानं वाचतोय, दार लावून. एक गोष्ट मात्र अजून नातीलाही सांगितलेली नाही.

ट्रंकेतलं ते रीळ मी आज सकाळी लावलं. मुंबईवाल्यांना मूळ आवाज काढून दाखवावा, एवढाच विचार. जुन्या मशीनचा पट्टा बदलला, टेप सांभाळून चढवली. विहिरीचा टेक निघाला, पुरा, कापायच्या आधीचा. टाच, पंजा, कर्र, शांतता. शेवटची कर्र झाल्यावर टेप तशीच चालू राहिली आहे. माईकच्या अगदी जवळ, धापा टाकत, पायातली चप्पल काढत तुम्ही म्हणता, "बंद कर रं, पोटऱ्या भरून आल्या." आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, मशीनपाशी बसलेला मी म्हणतो, "व्हय वस्ताद, केलं बंद."